आठशे खुर्च्या आणि एक खोली

आमच्या जिल्ह्याच्या गावी नगरपालिकेची एक जुनी शाळा आहे. पट रोडावत गेला, शाळा बंद पडली, वर्गांना कुलुपे लागली. पण वरच्या मजल्यावरची ४० फूट लांब आणि २५ फूट रुंद अशी एक खोली मात्र गेली १४ वर्षे रोज संध्याकाळी उघडते आहे. तिथे एकांकिकांच्या तालमी होतात. नाट्यलेखनाच्या कार्यशाळा होतात. मे महिन्यात मुलांची शिबिरे भरतात, भाद्रपदाच्या आधी देखाव्यांचे सांगाडे जोडले जातात, आणि महिन्यातून एकदा कोणीतरी आपली नवी कविता किंवा अर्धवट कथा घेऊन येते व उरलेले त्यावर तुटून पडतात. पंखे चार, त्यांतले चालू तीन. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा कोपरा गळतो.

हे टिपण लिहिणारे आम्ही तिघे या गावातल्या दोन महाविद्यालयांत मराठी शिकवतो आणि या खोलीचे जुने भाडेकरू आहोत. आता ही शाळा पाडून तिथे ८०० आसनांचे वातानुकूलित नाट्यगृह बांधण्याचा प्रस्ताव पुढे आला आहे. नकाशा देखणा आहे. दर्शनी भागी खांब आहेत, कारंजे आहे, अतिविशेष पाहुण्यांसाठी वेगळे प्रवेशद्वार आहे. आणि नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, तुटक रेषांनी आखलेल्या एका चौकोनात लिहिले आहे: ‘कार्यशाळा दालन (टप्पा दोन, निधीच्या उपलब्धतेनुसार)’.

गावातल्या साहित्यिक मंडळींनी या प्रस्तावाचे अभिनंदन करणारे पत्र दिले. आमच्यापुढेही ते सहीसाठी आले होते. आम्ही सही केली नाही. ती का केली नाही हे तोंडी सांगत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, म्हणून हा प्रपंच.

‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ या शब्दप्रयोगाचा अर्थ सार्वजनिक कामाशी थोडाफार संबंध आलेल्या कोणालाही समजावून सांगावा लागू नये. टप्पा एकचे उद्घाटन होते, कोनशिलेवर नावे कोरली जातात, आणि टप्पा दोनच्या जागेवर दुचाक्या उभ्या राहू लागतात. पण आमचा आक्षेप केवळ ‘हे होणार नाही’ एवढाच नाही. टप्पा दोन अगदी वेळेवर झाला असे मानले तरी ही योजना उलटी आहे. जिथे लोक काम करतात ती जागा आधी पाडायची, आणि जिथे लोक केलेले काम पाहतात ती आधी उभारायची, हा क्रमच चुकीचा आहे. मधल्या चार-पाच वर्षांत काम करणारे पांगतात. पांगलेली माणसे नवी फरशी पाहून परत येत नाहीत.

मराठीत या गोष्टीसाठी फार चांगला शब्द आहे. नाटकाचीही तालीम असते आणि कुस्तीचीही. कोल्हापूरकरांना यात काही वेगळे सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभारले, तेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. त्याच्या शेजारीच त्यांचे खासबाग मैदान आहे. मात्र मैदान बांधले की मल्ल आपोआप तयार होतील अशा भ्रमात महाराज नव्हते. मल्लांना आश्रय, खुराक, वस्ताद आणि तालमी यांची व्यवस्था त्यांनी लावली, म्हणून मैदानाला अर्थ आला. आमच्या गावाचा प्रस्ताव म्हणजे पेठेतली तालीम मोडून मैदानाला संगमरवर लावण्याचा प्रकार आहे. (८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला आणि पुनर्बांधणीसाठी कोटींचे आकडे लगोलग जाहीर झाले. ते व्हायलाच हवे होते. पण रोजच्या देखभालीसाठी कोटींचा आकडा जाहीर झाल्याची बातमी आमच्या तरी स्मरणात नाही.)

आता थोडे आमच्याच व्यवसायाकडे वळू, कारण या दृष्टिदोषात मराठीच्या प्राध्यापकांचा वाटा मोठा आहे. एम.ए.च्या वर्गात आपण ‘छबिलदास चळवळ’ शिकवतो. शिकवतो म्हणजे काय करतो? प्रायोगिक रंगभूमीची वैशिष्ट्ये सांगतो, अस्तित्ववाद आणि असंगत नाट्य यांचे प्रभाव सांगतो, नाटककारांची यादी देतो. विद्यार्थी ती पाठ करतो आणि पंधरा गुण मिळवतो. छबिलदास हे एका शाळेचे नाव आहे आणि ‘चळवळ’ ज्याला म्हणतात ते त्या शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या एका सभागृहात घडले, हे त्याला कळते. परंतु ते सभागृह कसे मिळाले, कोणी उघडले, भाडे किती परवडत होते, दिवे कोणाचे होते, झाडलोट कोण करी, हे प्रश्न अभ्यासक्रमात नाहीत. वाङ्मयेतिहासाला जणू जागा लागतच नाही. प्रवृत्ती हवेत जन्मतात आणि हवेतच विरतात.

वस्तुस्थिती अशी की रंगायनमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ स्थापन केली आणि १९७४ पासून दादरच्या त्या शाळेत नाटके होऊ लागली. सुलभा देशपांडे त्याच शाळेत शिक्षिका होत्या. हा तपशील आम्हांला कुठल्याही वादापेक्षा महत्त्वाचा वाटतो. एका शिक्षिकेचा शाळेशी असलेला संबंध, अरविंद देशपांडे यांची दृष्टी आणि अरुण काकडे यांचे वर्षानुवर्षांचे अबोल व्यवस्थापन यांतून ती जागा चालली. ती एकट्या आविष्कारची राहिली नाही, हे तिचे खरे वैशिष्ट्य. अमोल पालेकरांच्या ‘अनिकेत’ची नाटके तिथे झाली, सत्यदेव दुबे तिथे वावरले, इतर अनेक लहान संस्थांना परवडेल अशा भाड्यात तिथे प्रयोग करता आले. स्टेशनजवळच्या बाजाराचा कलकलाट खिडक्यांतून आत येई. खुर्च्या अवघडून टाकणाऱ्या होत्या. व्यावसायिक नाट्यगृहाच्या कोणत्याही निकषावर ते सभागृह नापास झाले असते. पण ते मिळत होते, आणि पुन्हा मिळत होते. नाटक पडले तर पुढच्या महिन्यात दुसरे करून पाहता येत होते. प्रायोगिकता म्हणजे, व्यवहाराच्या भाषेत, पडण्याची परवानगी. आणि ती भाड्याच्या दरातून मिळत असते.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला ती जागा नाटकाला बंद झाली. आविष्कार माहीमच्या महापालिका शाळेत गेली आणि तिथेही तिने काम उभे केले. ते श्रेय निर्विवाद आहे. परंतु ‘छबिलदास’ हे विशेषनाम मागे राहिले ते राहिलेच. त्याआधी मुंबईतच भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटची कथा अशीच घडली होती. अल्काझींचे नाटक, पंडित रविशंकरांची संगीतशाळा, हुसेन आणि गायतोंडे यांचे स्टुडिओ हे सारे एका आवारात नांदत होते. आज तिथे उंच इमारत आहे. दोन्ही ठिकाणी कलावंत कमी पडले नव्हते, प्रेक्षकही अगदीच नव्हते असे नाही. जागेवरचा हक्क मात्र कागदावर नव्हता. दुसऱ्याच्या सौजन्यावर चालणाऱ्या जागेचे आयुष्य त्या सौजन्याएवढेच असते. समीक्षकांनी ‘चळवळ ओसरली’ असे लिहिले तेव्हा ओसरण्याच्या कारणांत भाडेकराराचा उल्लेख कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही. जागतिकीकरणाचा मात्र सर्वांनी केला.

या संदर्भात लोक हटकून पृथ्वी थिएटरचे उदाहरण देतात. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी जुहूला सुरू झालेले ते सुमारे दोनशे आसनांचे नाट्यगृह आदर्श आहे यात शंका नाही. पण त्यामागे कपूर कुटुंबाने विकत घेतलेली जमीन आणि स्थापन केलेला न्यास होता. आमच्या गावात शशी कपूर आणि जेनिफर नाहीत. तेव्हा तो दाखला आदराने बाजूला ठेवावा.

आम्हांला जवळचे वाटते ते कर्नाटकातील हेग्गोडू. शिवमोग्गा जिल्ह्यातील सागर तालुक्यातले, सुपारीच्या बागांमधले एक खेडे. तिथे १९४९ मध्ये ‘नीनासम्’ ही हौशी नाट्यसंस्था सुरू झाली. के. व्ही. सुब्बण्णा यांनी ती वाढवली आणि १९९१ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, एवढे सामान्यज्ञान सर्वांना असते. पण वाढीचा क्रम पाहावा. संस्था १९४९ ची, शिवराम कारंथांच्या नावाचे नाट्यगृह १९७२ चे. मध्ये २३ वर्षे गेली. फिल्म सोसायटी १९७३ ची, नाट्यशिक्षणाची संस्था १९८० ची, आणि राज्यभर नाटके घेऊन फिरणारे ‘तिरुगाट’ १९८५ चे. म्हणजे पाव शतक लोक नाटक करत राहिले, वाचत राहिले, भांडत राहिले, आणि मग छप्पर आले. ते छप्पर कशासाठी हवे आहे, हे तोवर सर्वांना ठाऊक झाले होते. आपल्याकडे छप्पर आधी येते आणि मग सांस्कृतिक समिती नेमून ‘इथे काय करता येईल’ याचा विचार सुरू होतो.

पुण्याचेही एक उदाहरण नोंदवले पाहिजे. थिएटर अकादमीने १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने नाटककारांच्या आणि प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या विकासाच्या योजना राबवल्या. सतीश आळेकर त्यांचे योजक होते. त्या पैशाच्या उगमावर तेव्हा आणि नंतरही पुष्कळ वाद झाला. तो वाद इथे उकरण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगे एवढेच की तो पैसा विटांत गेला नाही. तो माणसांच्या वेळात, प्रवासात, एकत्र राहून वाचण्या-लिहिण्यात गेला. आजच्या कोणत्याही अनुदानाच्या अर्जात ‘माणसांचा वेळ’ असा रकाना शोधून पाहावा.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची इमारत अनुदानाची एक योजना आहे. तीत स्टुडिओ थिएटरचाही समावेश केलेला आहे, ही दूरदृष्टी कौतुकास्पद म्हणावी लागेल. साहाय्याची कमाल मर्यादा महानगरांत ५० लाख आणि इतरत्र २५ लाख रुपये अशी ठेवण्यात आली. पण योजना नावाप्रमाणेच इमारतीची. इमारत झाल्यावर तिचे दार रोज कोण उघडणार, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा. कंपनी कायदा, २०१३ अन्वये मोठ्या कंपन्यांनी सामाजिक दायित्वासाठी सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करायचे असतात आणि कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला व संस्कृती यांचाही उल्लेख आहे. आम्ही जिल्ह्यातल्या एका कारखान्याकडे गेलो होतो. अधिकारी सौजन्याने बोलले. ‘दोन लाखांत फलक कुठे लागेल?’ असे त्यांनी विचारले. झाडूवाल्या बाईंच्या पगारावर फलक लावता येत नाही, ही आमची अडचण त्यांना पटली. पण त्यांचीही अडचण होती.

तर हिशेब मांडू. साहित्याच्या माणसांना हिशेबाचा कंटाळा असतो, आणि तो कंटाळा ते कलानिष्ठा म्हणून मिरवतात. आमच्या खोलीसारखी एक खोली दुपारी दोनपासून रात्री साडेनऊपर्यंत, वर्षभर, नीट चालवायची असे समजा. दार उघडणारा-सांभाळणारा एक माणूस, महिना १२,००० रुपये, अर्धवेळ संयोजक, महिना ८,०००, वीज ४,०००, पाणी व स्वच्छतागृहाची सफाई ३,०००. हे वर्षाचे झाले ३ लाख २४ हजार. दुरुस्ती, रंग, सतरंज्या, दिवे यांना ६०,०००. लेखापरीक्षण, विमा, कागद यांना १६,०००. एकूण ४ लाख. आता उत्पन्न. वर्षात २५० सत्रे, प्रत्येकी २०० रुपये भाडे, म्हणजे ५०,०००. मुलांची दोन शिबिरे, प्रत्येकी ४० मुले, १,००० रुपये शुल्क, म्हणजे ८०,०००. गावातील २०० माणसांनी वर्षाला ५०० रुपये वर्गणी दिली तर १ लाख. बेरीज २ लाख ३० हजार. तूट १ लाख ७० हजार.

एवढीच तूट! ही रक्कम सात टक्के व्याजाने कायमस्वरूपी मिळवायची तर ठेव लागेल सुमारे सव्वाचोवीस लाखांची. म्हणजे केंद्राच्या योजनेत लहान गावाच्या इमारतीसाठी जी कमाल रक्कम ठरली आहे, जवळजवळ तेवढीच. महागाई धरली तर ठेव चाळीस लाखांची हवी, हेही आम्ही जाणतो. पण ८०० आसनांच्या नाट्यगृहाच्या अंदाजपत्रकात चाळीस लाख म्हणजे वातानुकूलनाचा एक भाग. आणि त्या नाट्यगृहाचे वीजबिल कोण भरणार, हे अंदाजपत्रकात कुठेही लिहिलेले नाही. आमच्या गावी व्यावसायिक नाटकाचा दौरा महिन्यातून दोनदा आला तरी पुष्कळ झाले. उरलेले दिवस ते सभागृह स्नेहसंमेलने, सत्कार आणि मेळावे यांना लागेल. त्यांना सभागृह नको असे आमचे म्हणणे नाही. त्याला नाट्यकलेच्या विकासाची योजना म्हणू नये, एवढेच आहे.

‘आवर्ती खर्चाला शासन पैसे देत नसते,’ असे आम्हांला एका अनुभवी गृहस्थांनी सांगितले. हे खरे नाही, आणि साहित्याच्या माणसांना तरी ते खरे नाही हे माहीत असायला हवे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. लोकांनी चालवलेली ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत मान्य करून त्यांना दरवर्षी परिरक्षणासाठी अनुदान द्यायचे, ही पद्धत या राज्यात अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे. ते अनुदान तुटपुंजे आहे. २०२२ मध्ये त्यात ६० टक्के वाढ झाली तेव्हा ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे ३०,००० रुपये ४८,००० झाले, यावरूनच मूळची दैना कळावी. ग्रंथपालांच्या वेतनाची स्थिती लाजिरवाणी आहे. पण तत्त्व मान्य झालेले आहे: लोकांनी चालवलेल्या सांस्कृतिक जागेचे दार उघडे ठेवण्याचा खर्च ही सार्वजनिक जबाबदारी आहे. वाचनाच्या खोलीला जे तत्त्व लागू पडते ते तालमीच्या आणि कार्यशाळेच्या खोलीला का पडू नये, याचे उत्तर कोणी द्यावे. नगरपालिकेने वर्षाला पावणेदोन लाखांची तरतूद केली तरी आमचा प्रश्न सुटतो.

वाढीचाही विचार असाच खालून व्हायला हवा. वाढ म्हटले की आपल्याकडे चौरस फूट आठवतात. आमच्या खोलीत एक नोंदवही आहे. कोण आले, किती वेळ बसले, हे तीत लिहिले जाते. आणि गेल्या सहा वर्षांपासून आम्ही आणखी एक गोष्ट लिहितो: कोणाला परत पाठवावे लागले. ही नकारांची पाने कोणत्याही वास्तुविशारदाच्या नकाशापेक्षा बोलकी आहेत. परत गेलेल्यांत सर्वांत जास्त संख्या मुलींची आहे. त्या आसपासच्या खेड्यांतून महाविद्यालयात येतात. त्यांची शेवटची एसटी पावणेसातला सुटते आणि आमची खोली साडेसहाला उघडते. चौदा वर्षे आम्ही ‘मुली नाटकात येत नाहीत’ अशी तक्रार गावभर ऐकतो आहोत. त्या दुपारी दोनला येतील. त्यासाठी एकही वीट लागत नाही. लागते ती दुपारी दार उघडणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद आणि एक धड स्वच्छतागृह. यानंतरची गरज, नोंदवहीप्रमाणे, सामान ठेवण्याच्या कुलूपबंद जागेची आहे; दर वेळी नेपथ्य टेम्पोतून आणण्या-नेण्याचा खर्च अनेक संस्थांना खोलीच्या भाड्याहून जड जातो. सलग एक वर्षभर महिन्याला चार-पाच नकार जागेअभावी द्यावे लागले तर शेजारचा वर्ग दुरुस्त करून दुसरी खोली सुरू करावी. तीही भरली तर मग शंभर-सव्वाशे प्रेक्षकांच्या साध्या, सपाट रंगमंचाचा विषय काढावा. आठशे आसनांचा विषय आमच्या नोंदवहीत कुठेच निघत नाही.

२०२२ मध्ये पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत परीक्षकांनी करंडक कोणत्याच महाविद्यालयाला न देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा केवढी चर्चा झाली! १९६३ पासून चाललेली ही स्पर्धा. तिच्या करंडकाला मराठी नाट्यसृष्टीत मानाचे स्थान. एका बाजूने तरुणांच्या वाचनशून्यतेवर आसूड ओढले गेले, दुसऱ्या बाजूने परीक्षकांवर. आम्ही ती सारी चर्चा वाचली. ही मुले तालमी कुठे करतात, असे विचारणारा लेख आम्हांला दिसला नाही. ज्या महाविद्यालयांशी आमचा परिचय आहे, तिथे ती वाहनतळावर करतात, जिन्याखाली करतात, प्रयोगशाळा बंद झाल्यावर व्हरांड्यात करतात. पाऊस पडला की पत्र्यावरच्या आवाजात संवाद ओरडून म्हणायची सवय लागते आणि मग परीक्षक ‘आवाजात चढउतार नाहीत’ असा शेरा मारतात. नाट्यशास्त्राचा संदर्भग्रंथ दाखवून हा दोष जाणार नाही.

आमच्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. या खोलीत गेल्या काही वर्षांत एक प्रकारची वतनदारी आली आहे. जुन्या संस्थांना संध्याकाळच्या वेळा हक्काने मिळतात. नव्याने आलेल्या मुलांना ‘नंतर पाहू’ असे उत्तर मिळते. भाडे थकवणाऱ्यांत सर्वांत प्रतिष्ठित नावे आहेत. कोणत्याही संस्थेला आठवड्यात दोनपेक्षा अधिक सत्रे नाहीत, थकबाकीदाराला तिसऱ्या महिन्यापासून खोली नाही, आणि वर्षाचा जमाखर्च दारावर लावायचा, हे तीन नियम आम्ही मांडले तेव्हा ‘हे काय सहकारी बँकेचे कामकाज आहे?’ असा उपहास झाला. सार्वजनिक पैसा मागायचा तर सार्वजनिक शिस्त लागते. आज नगरपालिका ‘तुमची खोली मूठभरांची आहे’ असे म्हणते, तेव्हा आमच्या बाजूने जोरात नाही म्हणायला तोंड राहत नाही, ते या मंडळींमुळे.

‘म्हणजे गावाने गळक्या खोलीतच समाधान मानायचे का?’ हा प्रश्न अभिनंदनाच्या पत्रावर सही करणाऱ्या एका ज्येष्ठ कवींनी आम्हांला विचारला. त्यांच्याविषयी आम्हांला आदर आहे. पण हा प्रश्न दारिद्र्याचे उदात्तीकरण आमच्या माथी मारतो, आणि ते आम्हांला मान्य नाही. कोपरा गळतो तो दुरुस्त व्हावा. चौथा पंखा चालावा. पायऱ्यांना कठडा असावा, म्हणजे वयस्कर माणसेही येतील. आम्ही कमी मागत नाही. निराळ्या क्रमाने मागतो. भव्यतेला आमचा विरोध नाही, फक्त तिच्या तारखेला आहे.

पुढच्या महिन्यात नगरपालिकेची सर्वसाधारण सभा आहे. आम्ही दिलेल्या निवेदनात शाळेची इमारत आहे तशी ठेवून नाट्यगृहासाठी नगरपालिकेच्याच मालकीची दुसरी मोकळी जागा सुचवली आहे. वरचा मजला ३० वर्षांच्या नोंदणीकृत कराराने एका विश्वस्त मंडळाकडे द्यावा, त्या मंडळावर नगरपालिकेचा एक, महाविद्यालयांचे दोन आणि नियमित वापरणाऱ्यांतून निवडलेले चार प्रतिनिधी असावेत, आणि वार्षिक अंदाजपत्रकात पावणेदोन लाखांचे शीर्ष उघडावे, असे त्यात म्हटले आहे. सोबत नकारांच्या पानांच्या छायाप्रती जोडल्या आहेत. दुपारच्या वेळेपुरता सहा महिन्यांचा पगार आम्ही आणि काही माजी विद्यार्थ्यांनी जमवला आहे. सोमवारपासून खोली दोन वाजता उघडेल.